पाच सोनेरी पट्ट्या

ग्राफिक्स कार्ड हातात घ्यावं आणि त्याची खालची कड खिडकीच्या उजेडात धरावी. सोन्याचा मुलामा दिलेल्या बारीक पट्ट्या तिथे ओळीनं बसलेल्या दिसतात, एका अंगाला ८२ आणि पलीकडच्या अंगाला ८२. कडेत एक खाच आहे. खाचेच्या एका बाजूला लांब रांग, दुसऱ्या बाजूला जेमतेम सेंटिमीटरभराचा तुकडा. लांब रांगेतून माहिती ये-जा करते. वीज चढते ती या छोट्या तुकड्यातून, आणि बारा व्होल्टची वीज तर तिथल्याही पाचच पट्ट्यांतून. एका पट्टीनं १.१ अँपिअर सोसायचे, पाचांचे झाले साडेपाच, बारानं गुणले की ६६ वॅट. शेजारच्या ३.३ व्होल्टच्या पट्ट्या थोडी भर घालतात. सगळं मिळून ७५ वॅटच्या वर जायचं नाही, असा या स्लॉटचा कायदा.

पंच्याहत्तर वॅट म्हणजे घरातला जुना छताचा पंखा. तेवढ्या विजेवर काय काय उभं राहतं ते मला गेल्या उन्हाळ्यात नीट कळलं, आणि तेव्हापासून ते कुणाला तरी सांगावं असं सारखं वाटतंय.

निमित्त झालं भाच्याचं. नागपुरात त्याची अकरावीची परीक्षा नुकतीच संपली होती. त्याच्याकडे २०११ सालचा कम्प्युटर आहे, त्याच्या बाबांनी बर्डीच्या बाजारातून असेंबल करून आणलेला. आय-फाइव्ह २४०० प्रोसेसर, आठ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. "मामा, गेम अटकून अटकून चालून राहिला ना," तो म्हणाला. दिवाळीपासून साठवलेले दहा हजार रुपये त्याच्याजवळ होते. मित्रांसारखा जीटीए फाइव्ह खेळायचा होता, आणि 'राजी'सुद्धा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० साली आणलेला तो देखणा गेम, ज्यात एक मुलगी हरवलेल्या भावाला शोधत निघते. "कोणतं कार्ड घेऊ?" एवढाच त्याचा प्रश्न होता. उत्तराला तीन संध्याकाळी लागल्या.

आधी हे कार्ड करतं काय, ते पाहू. पडद्यावरचं चित्र ठिपक्यांचं असतं. साध्या फुल एचडी मॉनिटरवर आडवे १९२० आणि उभे १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. गेम सलग, गुळगुळीत वाटायचा तर चित्र सेकंदाला ६० वेळा काढावं लागतं, दर वेळी पाटी पुसून नव्यानं. राजी एक पाऊल पुढे टाकते, मागच्या खांबाची कड थोडी झाकली जाते, पायरीवरची सावली सरकते, आणि सगळा हिशोब पुन्हा पहिल्यापासून. खांब, पायऱ्या, तिचा चेहरा, सगळं हजारो त्रिकोणांचं बनलेलं असतं. हे त्रिकोण कुठे आहेत ते आधी ठरतं, मग प्रत्येक त्रिकोणाखाली पडद्यावरचे कोणते ठिपके येतात ते, मग एकेका ठिपक्याचा रंग. सेकंदाला १२ कोटी ४४ लाख ठिपके. एका चित्राला मिळतो सेकंदाचा साठावा भाग, पापणी लवायला लागतो त्याहूनही कमी वेळ.

आय-फाइव्हमध्ये चार कोअर आहेत आणि चारही हुशार. पुढे काय लागेल याचा अंदाज बांधून ठेवतात, निर्णय घेतात, गुंतागुंतीचं काम पटकन उरकतात. पण इथलं काम गुंतागुंतीचं नाहीच. एकच साधा हिशोब वीस लाख वेळा करायचा आहे, आणि चौघे कितीही हुशार असले तरी चौघेच. शेवटी आम्ही ज्या कार्डावर थांबलो त्या जीटीएक्स १६५० मध्ये साधे हिशोब करणारे ८९६ लहान गणक आहेत. ते ज्या चिपवर कोरलेत ती अंगठ्याच्या नखाएवढी, २०० चौरस मिलिमीटरची. तेवढ्या जागेत ४७० कोटी ट्रान्झिस्टर.

आणि हे ८९६ जण आपल्या मर्जीनं चालत नाहीत. ते बत्तीस-बत्तीसच्या तुकडीनं चालतात. सूचना एकच निघते आणि बत्तीसही जण तीच आपापल्या ठिपक्यावर चालवतात. या तुकडीला एनव्हिडिया कंपनीनं नाव दिलंय 'वार्प'. विणकामातला शब्द आहे हा. मागावर उभे ताणलेले धागे, म्हणजे आपला ताणा. कंपनीच्या प्रोग्रॅमिंगच्या पुस्तिकेतच तसा खुलासा आहे: शब्द विणकामातून घेतला, कारण अनेक धागे एकदम चालवण्याचं पहिलं तंत्र तेच.

हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. ताणा म्हणजे काय ते नागपूरच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. हे कोष्ट्यांचं, लुगड्यांचं गाव. हातमागावर कोष्टी पायाखालची पट्टी दाबतो तेव्हा ताण्यातले ठरलेले सगळे धागे एकदम वर उचलले जातात, मध्ये जी फट पडते तिच्यातून धोटा सर्रकन पलीकडे जातो, आणि बाण्याची एक ओळ पक्की होते. एकेक धागा बोटानं उचलत बसलं असतं तर एका लुगड्यात आयुष्य गेलं असतं. जमशेटजी टाटांनी याच गावात १ जानेवारी १८७७ रोजी कापडगिरणी सुरू केली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं गेलं, म्हणून नाव एम्प्रेस मिल. माझ्या आजोबांच्या बोलण्यात घड्याळाच्या जागी मिलचा भोंगाच यायचा. ती मिल २००२ साली बंद झाली. पण ताणा नावाची युक्ती त्याच शहरातल्या एका मुलाच्या टेबलाखाली, नखाएवढ्या सिलिकॉनवर, सेकंदाला कोट्यवधी वेळा धागे उचलते आहे.

ताण्याची अडचणसुद्धा जशीच्या तशी उतरली आहे. बत्तीसांतल्या दहा ठिपक्यांवर सावली आली, बावीसांवर ऊन राहिलं, आणि दोन्हींचा हिशोब वेगळा असला, तर आधी दहांचा हिशोब होतो आणि बावीस थांबतात. मग बावीसांचा होतो, तेव्हा दहा थांबतात. निम्मे धागे एका ओळीत आणि निम्मे दुसऱ्या ओळीत, असं एकाच दाबात होत नाही.

आणखी एक गोष्ट याच गावाशी जोडलेली. बर्डीहून अंबाझरीकडे गेलं की व्हीएनआयटी हे इंजिनिअरिंग कॉलेज लागतं. त्याला व्हीआरसीई म्हणत त्या काळात, १९६५ साली, अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे विजय भटकर तिथून इंजिनिअर होऊन बाहेर पडले. पुढे अमेरिकेनं भारताला हवा तो क्रे सुपरकॉम्प्युटर देण्याचं नाकारलं, १९८८ साली पुण्यात सीडॅक ही सरकारी संस्था उभी राहिली, आणि भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर तयार झाला. 'पॅरलल मशीन'मधून जुळवलेलं नाव, आणि आपल्या भाषेतला 'परम'ही त्यात आलाच. एकच बलाढ्य प्रोसेसर बनवणं आवाक्यात नव्हतं, तेव्हा या मंडळींनी ट्रान्सप्युटर नावाचे लहान प्रोसेसर जोडत नेले आणि काम वाटून दिलं. असे २५६ जोडले की कागदावर सेकंदाला एक अब्ज आकडेमोडी. देशाचा ऊर भरून आला होता, आणि येणारच.

जीटीएक्स १६५० ची कागदावरची क्षमता आहे सेकंदाला सुमारे तीन हजार अब्ज. दोन्ही आकडे कमाल क्षमतेचे आहेत, रोजच्या कामात दोघंही त्याच्या खालीच राहतात. पण ते शेजारी शेजारी मांडून पाहावेत. तीन हजार अब्जांची साडेबारा कोटी ठिपक्यांत वाटणी केली तर एकेका ठिपक्याच्या वाट्याला, दर चित्रामागे, चोवीस हजारांच्या आसपास आकडेमोडी येतात. खांबाच्या कोपऱ्यातल्या, कुणाची नजरही न जाणाऱ्या एका ठिपक्याला चोवीस हजार! आणि वीज, पंख्याएवढी.

आता उतरू जुन्या कॅबिनेटमध्ये, कारण खरी निवड तिथे होते. कोणतं कार्ड जोरात आहे, हा प्रश्न दुसरा. आपलं मशीन कार्डाला काय देऊ शकतं, हा पहिला.

आम्ही बाजूचा पत्रा काढला आणि एसएमपीएसवरचं, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्यावरचं, स्टिकर टॉर्चच्या उजेडात वाचलं. वर ठळक अक्षरांत ४५० वॅट. खाली बारीक तक्ता. भाच्यानं आयुष्यात पहिल्यांदा तो तक्ता वाचला. '+१२ व्होल्ट'च्या रकान्यात १४ अँपिअर. म्हणजे १६८ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड जगतात ते मुख्यतः याच बारा व्होल्टवर, बाकीचे आकडे त्यांच्या फारसे कामाचे नाहीत. आय-फाइव्ह २४०० ची मर्यादा ९५ वॅट, कार्डाचे ६६, झाले १६१. अजून हार्डडिस्क आणि पंखे राहिलेच. चौदा वर्षं राबलेल्या डब्याला इतकं काठोकाठ भरायचं नसतं. मागे एकदा माझ्याच मशीनमध्ये असा एक स्वस्तातला एसएमपीएस जळाला आणि जाताना मदरबोर्डही घेऊन गेला, तो वास मी विसरलेलो नाही. म्हणून दहा हजारांतले पहिले अडीच हजार चांगल्या एसएमपीएससाठी बाजूला काढले. भाच्याचा चेहरा उतरला. मला त्याचं वाईट वाटलं, पण यात तडजोड करू नये, असं माझं ठाम मत आहे.

मोठ्या कार्डांना स्लॉटची वीज पुरत नाही. त्यांच्या डोक्यावर सहा पिनांची जागा असते, ती आणखी ७५ वॅट आणते, आठ पिनांची असली तर १५०. जुन्या मशीनसाठी शोध घ्यायचा तो बिनपिनांच्या कार्डांचा. जीटीएक्स १६५० ची बरीच मॉडेलं तशी आहेत, काहींना मात्र सहा पिना आहेत. नाव तेच असतं, म्हणून वरची कड डोळ्यांनी पाहूनच घ्यावं.

दुसऱ्या संध्याकाळी बर्डीत फिरलो. एका दुकानात काउंटरवरच्या भाऊंनी जीटी ७३० चा खोका पुढे केला. "चार जीबीचं आहे, नवंकोरं, बजेटमध्ये बसते." खोक्यावर खरंच मोठ्ठा चार होता. मागे बारीक अक्षरांत डीडीआर थ्री, ६४ बिट. इथे थांबून हिशोब करण्यासारखा आहे. कार्डाची मेमरी म्हणजे गच्चीवरची टाकी समजा. चार जीबी हे टाकीचं माप. पण नळ किती रुंद आहे? ६४ बिट म्हणजे ६४ बारीक नळ्या, आणि एकेका नळीतून जुन्या डीडीआर थ्रीचा मंद प्रवाह. सगळं मिळून सेकंदाला १४ जीबीच्या आसपास. जीटीएक्स १६५० चीही टाकी चार जीबीचीच, पण नळ्या १२८ आणि दाब कितीतरी जास्त. सेकंदाला १२८ जीबी. टाकी तेवढीच, धार नऊ पट. हिशोब करणारे शेकडो गणक नळाखाली बादल्या घेऊन उभे, आणि नळाला करंगळीएवढी धार, तर ते करणार काय?

यातला सगळ्यात वाईट प्रकार जीटी १०३० चा. २०१७ साली ते आलं तेव्हा त्याची मेमरी जीडीडीआर फाइव्ह होती, सेकंदाला ४८ जीबी. पुढच्या वर्षी त्याच नावानं डीडीआर फोरचं आलं, १६.८ जीबी. नाव तेच, आणि धार जवळजवळ एक तृतीयांश. ग्राहकाच्या बाबतीत हे बरोबर झालं नाही, असंच मी म्हणेन.

मग रस्त्याची गोष्ट. प्रोसेसर आणि कार्ड यांच्यामध्ये सोळा लेनचा रस्ता असतो, पीसीआय एक्सप्रेस. पिढीगणिक त्याच्या लेनचा वेग दुप्पट होत आला. भाच्याचं मशीन दुसऱ्या पिढीचं, एका लेनमधून सेकंदाला ५०० एमबी. सोळा लेन म्हणजे आठ जीबी, जुनं असूनही भरपूर. आता एएमडीचं आरएक्स ६४०० बघा. २०२२ चं कार्ड, फक्त ५३ वॅट, पिना नाहीत, दिसायला जुन्या मशीनसाठीच केलेलं. पण त्याची कड लांब असली तरी जोडलेल्या लेन चारच. नव्या मशीनच्या चौथ्या पिढीत त्या चार लेन सेकंदाला आठ जीबी ओढतात, काही बिघडत नाही. आपल्याकडे त्याच चार लेन दोन जीबीवर येतात. कार्डाची चार जीबीची टाकी भरली आणि चित्रासाठी लागणारं बाकीचं सामान मुख्य रॅममधून आणावं लागलं की या पायवाटेवर गेम धापा टाकतो. चांगलं कार्ड आहे, पण आपल्या घरासाठी नाही. इंटेलच्या आर्क ए३८० चंही तसंच. सहा जीबी मेमरी, पण ते खुलतं फक्त रिसायझेबल बार नावाची सोय असलेल्या मदरबोर्डवर, आणि २०११ च्या बोर्डात ती कुठून असणार? बऱ्याच नव्या कार्डांना मदरबोर्डवर युईएफआय ही बायोसची जागा घेणारी नवी प्रणालीही लागते. जुन्या बायोसवर पडदा काळाच राहतो आणि माणूस समजतो कार्ड खराब निघालं.

पैसे दुप्पट असते तर? २०२४ मध्ये आलेलं आरटीएक्स ३०५० चं सहा जीबीचं मॉडेल आहे, ७० वॅट, पिना नाहीत, २३०४ गणक. थोडं थांबून मशीनच बदलणार असाल तर ते आत्ता घेऊन पुढे नेता येईल. पण चार कोअरच्या जुन्या प्रोसेसरला त्याचं पोट भरता येणार नाही. प्रत्येक चित्राआधी कोण कुठे आहे, कुणी कुणाला धडक दिली, हे प्रोसेसरच ठरवतो आणि मग कार्डाला काम देतो. एक सोपी चाचणी आहे. गेमचं रिझोल्यूशन एकदम खाली आणा. एफपीएस, म्हणजे सेकंदाला निघणाऱ्या चित्रांचे आकडे, चटकन वाढले तर अडत होतं कार्डाचं. तिथेच राहिले तर प्रोसेसर दमलाय, आणि कार्डावर पैसे घालून ते काही भरून निघणार नाही.

तिसऱ्या संध्याकाळी साडेसात हजारांत सेकंड हँड जीटीएक्स १६५० ठरलं. त्याच्याहून जुनं १०५० टीआय स्वस्तात मिळत होतं, पण दोन्हींत पिढीचा फरक होता, म्हणून सोडलं. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये १०५० टीआयच्या पास्कल पिढीसाठी गेमचे नवे ड्रायव्हर थांबले, आता फक्त सुरक्षेचे अपडेट यायचे. ज्यांच्याकडे ते आहे त्यांनी घाबरू नये, आज चालणारे गेम उद्याही चालतील. आता विकत मात्र घेऊ नये.

सेकंड हँड घेताना आम्ही कार्ड चालवून पाहिल्याशिवाय पैसे दिले नाहीत. आधी जीपीयू-झेड. हे फुकट मिळणारं छोटं सॉफ्टवेअर कार्डाची खरी जात सांगतं. कितीतरी वर्षं जुन्या चिपवर नवं नाव चढवून विकण्याचा धंदा जगभर चालतो, नाव १०५० टीआय आणि आत निघतं जीटीएस ४५०. २०१८ पासून जीपीयू-झेड अशा कार्डापुढे 'फेक' असं लिहून दाखवतं. मग अर्धा तास गेम. पंख्याचा आवाज ऐकायचा, खरखर नको. पडद्यावर रंगीत ठिणग्या उडायला नकोत. तपमान चढून कुठेतरी स्थिर व्हायला हवं, नुसतं चढत राहायला नको.

आणि तपमान म्हटलं की नागपूर आलंच. मे महिन्यात बाहेर ४५ अंश, कूलर चालू असूनही दुपारची खोली चाळिशीत. कार्डाचा पंखा खोलीतलीच हवा चिपवर मारतो, खोलीहून थंड हवा तो आणणार कुठून? ८० च्या पुढे गेलं की चिप स्वतःला वाचवायला वेग कमी करते, आणि गेम पुन्हा अडखळतो. ताईनं कॅबिनेट कूलरच्या झोतात ठेवायचं सुचवलं. बरं वाटतं ऐकायला, पण त्या झोतात वाळ्याच्या ताट्यांतली ओल असते आणि बारीक काड्या असतात. आम्ही कॅबिनेट उलट कूलरपासून दूर, भिंतीपासून हातभर पुढे ओढलं आणि खाली दोन विटा दिल्या. भाच्याला म्हटलं, एक वही कर. कार्डाचा पंखा एकाच वेगाला बांधून ठेव, राजी अर्धा तास खेळ, आणि खोलीचं तपमान आणि कार्डाचं तपमान शेजारी शेजारी लिही.

त्या रात्री त्यानं लिहिलं: खोली ४१, कार्ड ७८. मग मी परत निघून आलो आणि वहीचं विसरूनही गेलो.

डिसेंबरच्या एका पहाटे त्याचा मेसेज आला. बारावीचा अभ्यास संपवून अर्धा तास खेळला होता. वहीच्या पानाचा फोटो पाठवला होता, मेपासूनच्या नोंदी एकाखाली एक. शेवटची ओळ होती खोली १९, कार्ड ५६. प्रत्येक ओळीपुढे त्यानं वजाबाकी करून पेन्सिलनं एक आकडा लिहिला होता, कुठे ३६, कुठे ३८, बहुतेक ठिकाणी ३७. "मामा," त्यानं खाली लिहिलं होतं, "मे असो की डिसेंबर, हा आकडा हलतच नाही. असं काऊन?"